रणाच्या अलीकडचं गवत

पहाटे साडेपाच

"दाजी, मागचं चाक उचला."

मेहुण्याचं दिवसातलं पहिलं वाक्य हेच. तोंड धुणं नंतर, चहा नंतर, आधी टायर. मी चाक उचलून हळूहळू फिरवायचं आणि त्याने डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात टायरवर बोट टेकवून ठेवायचं. बोटाला काही खुपलं की थांबायचं आणि चिमट्याने काटा उपटायचा. वेड्या बाभळीचा काटा पहिल्या दमात जेमतेम रबरात शिरतो. पुढच्या दोन-चार किलोमीटरांत आपणच आपल्या वजनाने त्याला आत ठोकत नेतो. म्हणून ही तपासणी निघायच्या आधीच. आज पुढच्या चाकात तीन निघाले, मागच्यात एक, शिवाय एक सराटा. सराट्याचं मेहुण्याला कौतुक वाटलं. "आपल्याकडचाच आहे," म्हणाला.

मुक्काम कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ पट्ट्यात, होडकोजवळच्या एका वांढीत. वांढ म्हणजे चार-सहा घरांची वस्ती. रात्री झोपलो ते भूंगा म्हणतात त्या गोल मातीच्या घरात. भिंत जाड, वर गवताचं टोकदार छप्पर, खिडक्या लहान आणि खाली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजमधल्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या, पण हे गोल भूंगे बरेचसे उभे राहिले. गोल भिंतीला कोपरे नसतात, त्यामुळे हादरा एका जागी साठत नाही, आणि वरचं गवत पडलं तरी त्याखाली माणूस मरत नाही. भूकंपानंतर बांधलेल्या कितीतरी घरांनी हाच आकार घेतला.

थंडी अशी होती की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. यजमान चाचांनी चहा आणला. नुसत्या म्हशीच्या दुधाचा, बशीत ओतला की वर साय धरणारा. चहाचे पैसे विचारायचे नाहीत, हे एव्हाना आम्हाला समजलं होतं. राहण्या-जेवणाचे ठरलेले असतात, ते घेतात. दुधाचं नाव काढलं की मान फिरवतात.

सव्वासहा

सामान लादलं. मागे दोन झोळ्या, त्यावर पांघरुणाची वळकटी, पुढे पाण्याच्या बाटल्या. माणशी सहा लिटर पाणी. बन्नीत सायकलवर जड काय असतं तर पाणीच, आणि हलकं करायचं म्हणून त्यालाच हात लावता येत नाही. दोन्ही सायकली साध्या, लोखंडी, गिअरच्या पण जुन्या. दादरहून सयाजीनगरी एक्स्प्रेसच्या सामानाच्या डब्यातून आणल्या होत्या, पायडल काढून, हँडल आडवं करून, गोणपाटात शिवून. गोणपाटावर दोन्ही बाजूंना रंगाने 'भुज' लिहिलं होतं. ते गोणपाट आता रात्री अंथरायला होतं.

पुण्याच्या मानाने सूर्य इथे वीसेक मिनिटं उशिरा उगवतो. जानेवारीत सात वाजून गेल्याशिवाय नीट दिसत नाही. तरीही सव्वासहाला निघायचं कारण म्हणजे म्हशी.

बन्नीची म्हैस रात्री चरते. संध्याकाळी धार काढली की कळप आपापला बाहेर पडतो, बहुतेक वेळा सोबत गुराखी नसतो. रात्रभर दहा-पंधरा किलोमीटर भटकून पहाटे धारेच्या वेळेला परत येतो. आम्ही वस्तीच्या बाहेर पाऊण किलोमीटरवर थांबलो, दिवे बंद केले. आधी घंटांचा आवाज आला. या घंटा इथल्या दक्षिणेच्या कडेवरच्या निरोण्यासारख्या गावांत लोहार करतात, लोखंडी पत्रा ठोकून त्यावर तांब्याचा मुलामा. प्रत्येक घंटेचा सूर वेगळा ठोकून काढलेला असतो आणि आपल्या कळपाचा सूर मालधारी, म्हणजे इथला गुरं पाळणारा, अंधारातही ओळखतो. मग धुक्यातून काळे आकार सुटे होत गेले. शिंगं दुहेरी वळसा घेऊन गालाला टेकलेली. आमच्याकडे न बघता, धुळीची वाट न सोडता एकामागून एक गेल्या. आम्हीच सायकली गवतात घेतल्या.

ही म्हैस वेगळी जात म्हणून 2010 मध्ये अधिकृत नोंदली गेली. त्यासाठी आधी दोनेक वर्षं मालधारींनी संघटना बांधून जनावरांचं मोजमाप, दुधाच्या नोंदी असं सगळं जमवलं होतं. पिढ्यान् पिढ्या कुठली रेडी ठेवायची, कुठला रेडा लावायचा याची निवड या लोकांनी केली, तेव्हा कागदावर ती 'गावठी' होती. पूर्वी बन्नीतून तूप जायचं. आता सकाळी दुधाचा टेम्पो येतो. तोही आम्हाला वाटेत भेटला, कॅन खडखडवत. त्याच्या धुळीत पाच मिनिटं काही दिसलं नाही.

साडेसात

आता खरं पायडल मारायचं. होडको ते धोरडो डांबरी रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर, गाडीला अर्धा तास. आम्ही दिवस घेणार होतो, कारण रस्ता सोडून उत्तरेकडच्या गाडवाटांनी जायचं ठरलं होतं. वाट विचारायची पद्धत चाचांनी सांगून ठेवली होती. माणूस दिसला की विचारा, माणूस दिसला नाही तर म्हशींच्या वाटेने जा. ती पाण्याकडे जाते किंवा घराकडे. दोन्ही बरंच.

सूर्य वर आला आणि गवताला रंग चढला. जानेवारीतलं गवत हिरवं नसतं. वाळक्या भातासारखं पिवळं, मुळाशी राखाडी, आणि जिथे खार जास्त तिथे लाणोची तांबूस झुडपं. बन्नी अशी सपाट आहे की एक हात उंच चढही दुरून कळतो, आणि त्या हातभर फरकावर सगळं ठरतं. किंचित उंचावर धामण आणि जिंजवो, म्हणजे आपलं मारवेल. सखलात, जिथे पावसाचं पाणी बसून वाळतं, तिथे खारात तगणारं बारीक गवत. आणखी सखलात काहीच नाही, नुसती भेगाळलेली माती. सायकलीला हा फरक डोळ्यांच्या आधी समजतो. गवतावरून चाक सुरसुरत जातं, खाऱ्या मातीत भुसभुशीत रुततं.

सुमारे 2,500 चौरस किलोमीटरांचा हा पट्टा नद्यांच्या, मुख्यतः सिंधूच्या, गाळातून तयार झाला असं मानतात. 1819 च्या भूकंपात कच्छच्या रणाच्या वायव्येला जमिनीचा एक लांबलचक उंचवटा वर आला, त्याला लोक अल्लाह बंध म्हणतात. त्याने सिंधूचा इकडे येणारा फाटा अडवला. नदी तुटली, गाळ आणि खार राहिला. बन्नी आता वर्षातल्या बेभरवशाच्या पावसावर जगते.

आपल्या मनातलं सव्हाना म्हणजे आफ्रिका, छत्रीच्या आकाराची झाडं आणि जिराफ. पण सलग गवत आणि त्यात सुटी झाडं अशी जमीन म्हणजे सव्हाना, मग त्यात जिराफ असो वा नसो. पुरंदर-सुप्याची, सोलापूर-नान्नजची माळरानंही त्यातच येतात. अशा जमिनीची एक खोड आहे, ती वेगाला काही दाखवत नाही. ताशी साठने जाणाऱ्याला ती दीड तास एकच चित्र दाखवते. ताशी दहाने जाणाऱ्याला थोडंफार देते. पायी चालणाऱ्याला आणखी देत असेल, पण पायी माणशी सहा लिटर पाणी कोण वाहणार?

भोवत्या पक्षी पहिल्यांदा मेहुण्याला दिसला. गवताच्या शेंड्यांवरून वीतभर उंचीने, पंख वर उचलून तरंगत येत होता, मध्येच गिरकी घेऊन गवतात पडला आणि पुन्हा उठला. मध्य आशियातून हिवाळ्याला येतात, नाकतोडे खातात, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. गवत गेलं की यांचं अंथरूणही गेलं. चंडोल तर चाकाखालून उडत होते. एकदा दूरवर चार चिंकारा उभे राहिले, आमच्याकडे बघितलं, आणि आमच्यात बघण्यासारखं काही नाही असं ठरवून चरायला लागले.

पावणेदहा

पंक्चर. सकाळचं, म्हणजे दिवसाचं शेवटचं नव्हे.

वाट एका गांडो बावळाच्या रानात शिरली होती. गांडो म्हणजे वेडा. हीच आपली वेडी बाभूळ, मूळची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची. रण दक्षिणेकडे सरकतंय, त्याला अडवायला झाडांची भिंत हवी, या हिशोबाने वनखात्याने 1961 पासून बन्नीच्या कडेने 31 हजारांहून जास्त हेक्टरांवर ती लावली. भिंत जागेवर थांबली नाही. शेंगा गोड, जनावरं आवडीने खातात, बी शेणातून जिथे पडेल तिथे रुजतं. आता बन्नीचा मोठा भाग या काटेरी हिरव्याने झाकला आहे. दुरून जंगल वाटतं. आत शिरलं की खाली गवताची काडी नाही.

मेहुण्याने चाक काढलं, मी ट्यूब हवेने फुगवून गालाजवळ धरली. पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची चैन इथे परवडत नाही, त्यामुळे छिद्र गालानेच शोधायचं. घासकागद, सोल्यूशन, पॅच, अंगठ्याने दाबून शंभर आकडे मोजायचे. तोवर एक पोरगा शेळ्या घेऊन येऊन उभा राहिला होता. बारा-तेरा वर्षांचा असेल. त्याने आमच्या टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला आणि आम्हाला न सापडलेलं दुसरं टोक शोधून काढलं.

"गांडो," असं म्हणून त्याने ते दातांनी ओढलं.

या झाडाला नुसत्या शिव्या घालणं सोपं आहे, आणि पंक्चर काढताना ते साग्रसंगीत करता येतं. पण इथल्या लोकांचं त्याच्याशी नातं गुंतागुंतीचं आहे. मध्यंतरी काही वर्षं कोळसा पाडायला मोकळीक होती, तेव्हा दुष्काळातही हातात पैसा आला. शेंगा उन्हाळ्यात जनावरांना तारतात. पण सगळ्याच जनावरांना नाही. बन्नी आधी कांकरेज गाईंची होती. जुने मालधारी सांगतात की शेंगा गाईच्या पोटात बसतात, गाय फुगून मरते, म्हशीला पचतात. गवत कमी झालं, गाई कमी झाल्या, म्हशी वाढल्या. एका झाडाने इथलं जनावर बदललं. जनावर बदललं की दूध, बाजार, पोरीच्या लग्नात द्यायची भेट, सगळंच थोडं थोडं सरकतं.

अकरा

पाणी.

एका सखल वाटोळ्या पात्रात, ज्यात पावसाळ्यात तळं होतं, चार खड्डे दिसले. हे विरडे. बाहेरचा माणूस याला डबकं म्हणून पुढे जाईल. बन्नीत जमिनीखालचं पाणी खारं, कुठेही खोल विहीर काढली तर मीठच लागणार. पण सखलात मुरलेलं पावसाचं पाणी गोडं असल्याने हलकं, ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. मालधारी नेमकं तेवढ्याच थरापर्यंत खणतात. बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडांची चौकट एकावर एक रचतात आणि फटींत गवत भरतात, तेच गाळणीचंही काम करतं. हळूहळू उपसायचं. घाई केली की खालचं खारं वर येतं. एक विरडा खारट लागला की तो बुजवून शेजारी दुसरा. पुढच्या पावसाळ्यात सगळे बुडतात, आणि नंतर पुन्हा उकरले की पाणी असतंच.

आता बऱ्याच वस्त्यांना नळ आणि टाकी आहे, जनावरांना सिमेंटचे हौद आहेत. विरड्यांची गरज कमी झाली आहे. तरी जवळच्या एका म्हाताऱ्या चाचांनी आम्हाला पाणी विरड्याचंच पाजलं. पितळी लोट्यातून, वरून धार धरून. मी बाटलीतलं विकतचं पाणी ओतून टाकून बाटल्या तिथे भरल्या. मेहुणा जरा बिचकला, त्याने त्याच्या बाटलीत औषधाची गोळी टाकली. चाचांनी गोळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि "बीमार हो?" एवढंच विचारलं.

साडेबारा ते तीन

या वेळात सायकल चालवायची नाही. हिवाळ्यातही ऊन डोळ्यांत जातं, वारा सुटतो, आणि तो नेमका समोरून असतो. बन्नीत अडवायला काही नसल्याने वारा सलग येतो, मध्ये श्वास घेत नाही. सावली हवी तर पिलूचं झाड शोधायचं. खाली वाकलेल्या फांद्यांचा आपोआप मांडव होतो.

जेवण सकाळी चाचांकडून बांधून घेतलेलं. बाजरीचा जाड रोटला, गूळ, कांदा, लसणाची लाल चटणी. जवळच्या वस्तीवरून छाशीचा, म्हणजे ताकाचा, तांब्या आला. मेहुण्याने पन्नासची नोट पुढे केली, छाश आणणाऱ्या माणसाने नोटेकडे बघून हात जोडले. मग नोटेऐवजी चिवड्याचा पुडा गेला. तो मात्र स्वीकारला गेला, लगेच फोडला गेला, आणि आम्हालाच वाढला गेला. स्वस्तात फिरणाऱ्यांची ही अडचण आहे. आम्ही पैसे वाचवायला आलेलो, आणि इथे खर्च करायला कोणी जागाच ठेवत नाही.

छाश आणणारे बसले, त्यांच्यामागे दोन तरुण आले, एकाकडे मोटारसायकल. गप्पा हिंदीत. कुठून आलात, पगार किती, मुलं किती, सायकल का, गाडी नाही का? मग आमची पाळी. मोटारसायकलवाल्याने जमिनीची गोष्ट सांगितली, आणि ती त्याला तारखांसकट पाठ होती. 1955 मध्ये बन्नी संरक्षित वन म्हणून जाहीर झाली, पण वनखात्याकडे प्रत्यक्ष ताबा 1998 मध्ये गेला. मधली चाळीसेक वर्षं कागदावर जंगल, जमिनीवर कुरण. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर गावांनी चराईच्या सामूहिक हक्कांचे दावे केले. वेगवेगळे तुकडे नकोत, कुंपणं नकोत, सगळ्यांचं एकच रान. त्यांची घोषणाही होती, बन्नी को बन्नी रहने दो. पण कुंपणं पडली. काहींनी शेती करायला जमिनी वेढल्या, त्यात बाहेरचे होते तसे आतलेही. मालधारी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, आणि 2021 मध्ये लवादाने अतिक्रमणं काढायला सांगितलं.

"तुमचं कुंपण आहे का?" मेहुण्याने विचारलं. त्याला असे प्रश्न विचारता येतात.

तो हसला. "चुलत्याचं होतं," म्हणाला.

ते गेल्यावर मेहुणा लवंडला. मी पिलूच्या बुंध्याला टेकून विचार करत होतो की हे सगळं ओळखीचं का वाटतंय. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक. सरकारी नकाशात ओसाड जमीन, म्हणून तिथे झाडं लावा, कारखाना आणा, सौर पट्ट्या घाला. पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं आणि माणसाने तोडून माळ केला, हे आपण शाळेत गृहीत धरून शिकलो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 मध्ये एक वेगळी तपासणी प्रसिद्ध केली. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी ओव्या, चरित्रं, लोककथा यांत कुठल्या झाडांची, गवतांची नावं येतात ते त्यांनी शोधलं. साडेसातशे वर्षांमागेपर्यंत जाता येतं, आणि तेव्हाही ती माणसं बोरी, बाभळी, गवत, गुरं यांच्यातच वावरताना दिसतात. म्हणजे माळ हा तुटलेल्या जंगलाचा तुकडा नव्हे, तो मुळातलाच माळ. याच नेर्लेकरांनी त्याआधी सहकाऱ्यांबरोबर बन्नीत काम केलं होतं. गांडो बावळ मुळासकट काढला तर गवत परत येतं का, हे त्यांनी तुकडे आखून बघितलं. येतं. पण काढलेला बावळ पुन्हा पुन्हा काढत राहावा लागतो, आणि त्या मजुरीचा धनी कोण, हे ठरत नाही.

ओसाड हा शब्द सरकारी कागदावर लिहिणाऱ्याने दुपारी साडेबारा ते तीन इथे बसून दाखवावं, असं मला फार वाटलं. एका पिलूच्या झाडाखाली त्या अडीच तासांत तीन माणसं, चाळीस शेळ्या, एक सरडा, बुलबुलांचं टोळकं आणि लवादाच्या आदेशाची चर्चा एवढं येऊन गेलं.

साडेतीन

पुन्हा एक पंक्चर, माझ्या सायकलीचं. याबद्दल जास्त बोलत नाही.

सव्वाचार

डांबरी रस्त्याला लागलो. रणोत्सवाचे दिवस. धोरडोकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, खिडक्या बंद, आतमध्ये गाणी. आमच्याकडे हात हलवणारी मुलं आणि अंगावरून गाडी घालणारे चालक यांचं प्रमाण निम्मं-निम्मं. तरी हा रस्ता सुसह्य आहे. काल भुजहून भिरंडियाऱ्याला येताना खावड्याकडच्या प्रचंड ऊर्जा उद्यानासाठी माल नेणारे ट्रेलर लागले होते. ते आले की आम्ही सरळ रस्त्याखाली उतरत होतो. वाराही ते आपल्याबरोबर ओढून नेतात, सायकल आधी आत ओढली जाते आणि मग बाहेर फेकली जाते.

पांढऱ्या रणाचा परवाना आम्ही कालच भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर काढला होता. मावा घेण्यासाठीही तिथेच थांबलो होतो. म्हशीचं दूध आटवून केलेला, साखर कमी, कढईतून गरम. तिथल्या दुकानांत पर्यटकांची झुंबड असते आणि ती रास्त आहे.

धोरडोला 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने सर्वोत्तम पर्यटन गावांत निवडलं. गावाबाहेर तंबूंचं शहर उभं राहतं. एका तंबूच्या एका रात्रीत आमची सगळी सहल, रेल्वेच्या तिकिटांसकट, बसली असती. पौर्णिमा आम्ही मुद्दाम टाळली होती. चांदण्यातलं रण सुंदर असेलच, पण त्या रात्री गावातल्या साध्या खोल्यांचेही भाव तंबूंशी स्पर्धा करतात.

साडेपाच

पांढरं रण. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी इथे पसरतं, हिवाळ्यापर्यंत आटतं, मीठ उरतं. खरंच क्षितिजापर्यंत पांढरं आहे. मनोऱ्यावर चढून सगळ्यांनी बघितलं, आम्हीही बघितलं. उंटगाड्या, सेल्फी, सूर्य मावळताना एक सामूहिक "आहा". मेहुण्याने मिठाचा खडा चाखून बघितला आणि मीठच आहे असं जाहीर केलं.

गर्दीला नावं ठेवायची नाहीत, आम्हीही त्या गर्दीतलेच. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. इतके लोक मुंबईहून, पुण्याहून, अहमदाबादहून येऊन काहीही उगवत नसलेली जागा बघायला मैलोन्‌मैल गवत ओलांडतात, आणि त्या गवतासाठी कोणी खिडकीची काचही खाली करत नाही. मिठाच्या जाहिराती होतात. गवताची कोण करणार?

सात

परतीला अंधार पडला. गोरेवालीजवळ मुक्काम ठरला होता, रस्ता सरळ, पण अंधारात गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून रस्त्याकडेच्या कच्च्या पट्ट्यातून चाललो. मेहुण्याचा पुढचा दिवा सैल झाला होता, खड्डा आला की विझायचा आणि पुढच्या खड्ड्याला लागायचा. बन्नीत रात्री गवतावरून एक दिवा फिरतो, माणूस मागे गेला की वाट चुकवतो, अशी जुनी समजूत आहे. त्याला चीर बत्ती म्हणतात. वस्तीच्या तोंडाशी पोरं उभी होती, आमचा उघडझाप करणारा दिवा बघून ओरडली, "चीर बत्ती, चीर बत्ती!" आणि जवळ आल्यावर निराश झाली.

घरात मोठ्या चाची आणि सुना भरतकामाला बसल्या होत्या. मुत्वा या इथल्या मालधारी समाजाचं काम सगळ्यात बारीक. आरसे इतके लहान की डाळीच्या दाण्याएवढे, टाके मोजायचे तर भिंग हवं. एक पट्टी पुरी व्हायला कितीतरी दिवस जातात. चाचींनी कौतुकाने दाखवली, किंमत सांगितली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितल्यावर त्याच म्हणाल्या, "ही दाखवायची. विकायची वेगळी असते." तिची किंमत परवडली. बहिणीसाठी एक मेहुण्याने घेतली, म्हणजे माझ्या बायकोसाठी, म्हणजे अर्धे पैसे माझे.

जेवायला खिचडी, कढी, वर लोण्याचा गोळा. दिवसभराच्या वाऱ्यानंतर कढीचा वाफाळता वाडगा दोन्ही हातांत धरून बसायला बरं वाटतं.

साडेनऊ

कामं. ट्यूबच्या पॅचवर पावडर, चेनला तेल, मिठाने माखलेल्या रिमा ओल्या फडक्याने पुसणं. हे आज केलं नाही तर उद्या गंज. मग वही. रोटले आणि मुक्काम, मावा, सोल्यूशनची एक ट्यूब, भरतकामाची पट्टी. पट्टी सोडली तर दिवसाचा खर्च पुण्यातल्या दोघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाइतका.

इथले यजमान चाचा विडी संपवून आमच्याजवळ येऊन बसले. काय बघितलं, विचारलं. रण आवडलं?

"आवडलं. पण आम्ही गवत बघायला आलो होतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले की जानेवारीत गवत बघायला येणं म्हणजे वरात गेल्यावर लग्नाला येणं. गवत बघायचं तर पाऊस पडून गेल्यावर, भादव्यात या. कमरेएवढं असतं. वारा आला की लांबून पाणी चालतंय असं वाटतं. म्हशी दिसत नाहीत, नुसत्या घंटा ऐकू येतात.

मेहुणा लगेच मोबाईलवर भाद्रपदातल्या तारखा बघायला लागला. "सायकली चालतील का तेव्हा?"

"सायकल?" चाचांनी हात गुडघ्यापर्यंत नेला. "चिखल इथवर. सायकल घरी ठेवा. म्हैस देतो."

"भाडं किती?" मेहुण्याने विचारलं.

"भाडं नाही. दूध काढता येतं का?"